रेघ आणि दोन टिंबं

१

लिफ्ट पडली त्या दुपारी मी एका दंतवैद्याच्या इनबॉक्समधल्या जाहिराती काढत बसले होते. बातमी मला दुसऱ्या दिवशी पेपरात दिसली. दवाखाने आणि छोटी दुकानं असलेली इमारत, मागच्या बाजूची लिफ्ट, आत एकटी बाई. वरच्या मजल्यावर तिचं शिवणकामाचं दुकान होतं. ती गेली. बातमीच्या शेवटी लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीचं नाव होतं, आणि त्या नावाच्या लेटरहेडवर मी आयुष्यातली बरीचशी वर्षं टाइप केलं होतं. मी पेपरची घडी घातली आणि दंतवैद्याच्या जाहिरातींकडे परत गेले. रडू वगैरे आलं नाही. या वयात बातमी आत शिरायला वेळ घेते, आणि कधीकधी दारातच बसून राहते.

थोड्या दिवसांनी फोन आला. "मावशी, मी बटण."

तिला खऱ्या नावानं तिचे वडील सोडून कुणी हाक मारत नसे. लहानपणी शाळा सुटली की ती थेट वडिलांच्या वर्कशॉपमध्ये यायची आणि दुरुस्तीला आलेल्या लिफ्टच्या प्रत्येक पॅनेलवरची सगळी बटणं दाबून बघायची. मिस्त्री लोकांनी तिचं नाव बटण ठेवलं. आता तिचे केस पिकायला लागले होते, वडिलांची कंपनी ती चालवत होती, पण नाव तेच राहिलं होतं.

आवाज मात्र तिचा वाटला नाही. स्टेशनवर गाड्यांची घोषणा होते तसा सपाट. तिनं सांगितलं ते असं. इमारतीच्या रखवालदारानं लिफ्ट पडायच्या आधी कंपनीला मेल पाठवला होता. लिफ्ट आवाज करते, माणूस पाठवा. मेल वाचल्याची पोच त्याला परत आली होती, आणि ती पोच त्यानं चौकशी समितीपुढे ठेवली होती. म्हणजे कंपनीनं मेल वाचला आणि गप्प बसली. पुढच्या आठवड्यात बटणला समितीपुढे जायचं होतं. तिनं जाणूनबुजून दुर्लक्ष केलं असं ठरलं, तर परवाना जाणार होता, वर्कशॉपला कुलूप लागणार होतं आणि तिच्यावर खटला उभा राहणार होता.

"आणि तो मेल माझ्या इनबॉक्समध्ये नाहीच," ती म्हणाली. "तुम्ही हल्ली लोकांचे इनबॉक्स आवरून देता ना? माझा आवरा. त्यात तो सापडतो का बघा."

मी विचारलं, तू तो वाचला होतास का.

मग ती म्हणाली, "नाही. पण मावशी, इतके जण म्हणताहेत की आता मलाही वाटायला लागलंय, वाचला असेन."

२

माझ्या कामाला हल्ली व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात. भाचीनं ते नाव सांगितलं तेव्हा मला वाटलं, म्हणजे नसलेलं माणूस. प्रत्यक्षात ते जुनं टपालाचंच काम आहे. फक्त टपाल दिसत नाही, आणि मीही कुणाला दिसत नाही. यजमान गेल्यानंतर घर फार शांत झालं होतं, म्हणून हे सुरू केलं.

माझी एक रीत आहे. पहिल्या दिवशी काहीही उडवायचं नाही. नुसतं बघायचं, माणूस आपल्या टपालाशी कसा वागतो ते. दंतवैद्य वाचतो आणि विसरतो. एक भाषांतरकार बाई महत्त्वाचं ते सगळं स्वतःलाच परत पाठवते. हे कळलं की मग हात घालायचा. सगळं पाठवणाऱ्याच्या नावानं लावून घेतलं की जाहिराती एकगठ्ठा समोर येतात, त्या काढल्या की निम्मा ढीग उतरतो. मग बिलं एकीकडे, गिऱ्हाइकांच्या तक्रारी एकीकडे, आणि वर फक्त तेवढंच ठेवायचं, ज्याला आज उत्तर द्यायचं आहे.

ही रीत मी शिकले ती साहेबांकडे, म्हणजे बटणच्या वडिलांकडे. वर्कशॉपच्या माळ्यावर काचेची खोली होती. खाली ग्रीसचा वास आणि हातोड्यांचे आवाज, वर साहेब, मी, आणि टेबलावर दोन लाकडी ट्रे. सकाळी कुणी यायच्या आधी साहेब येऊन बसायचे आणि डावीकडच्या ट्रेमधलं टपाल वाचायचे. प्रत्येक कागदावर शाईची एक खूण करून तो उजव्या ट्रेमध्ये टाकायचे. मी आले की उजवा ट्रे उचलायचा, खुणेप्रमाणे कामाला लागायचं. साहेब बोलताना अडखळायचे. शब्द ओठापर्यंत यायचा आणि तिथेच अडून राहायचा. म्हणून ते होता होईल तो बोलतच नसत. नवीन आलेल्या पोरांना वाटायचं, कंपनी मीच चालवते. मोठे मिस्त्री तर माझी चेष्टा करायचे की ताई, साहेब तुमच्या पोटात बसून बोलतात.

बटणचा इनबॉक्स उघडला. वरपासून खालपर्यंत सगळी अक्षरं ठळक, म्हणजे कशालाच हात न लावलेला. पण मी रीतीप्रमाणे नुसती बघत बसले, आणि दुपारपर्यंत लक्षात आलं की तसं नव्हतं. ती मेल वाचायची आणि वाचून झाला की पुन्हा न वाचलेला करून ठेवायची. उत्तर देईपर्यंत तो ठळकच राहायचा. मी तिला विचारलं तर म्हणाली, "नाहीतर विसरते हो मी. ठळक दिसलं की टोचतं."

म्हणजे तो ढीग आळसाचा नव्हता. काळजीचा होता.

रखवालदाराचा मेल तिसऱ्या दिवशी सापडला. तो उडवलेला नव्हता. अर्काइव्हमध्ये होता. इनबॉक्सचं ते मागचं कपाट. कागद फेकायचा नाही, पण डोळ्यांसमोरही नको, असं असलं की तिथे जातं. बटणनं नुसत्या इनबॉक्समध्ये शोधलं होतं. मजकूर सरळ होता: मागच्या लिफ्टचा आवाज बदलला आहे, वर जाताना कुंथल्यासारखी जाते, थांबताना जरा खाली बसते, माणूस पाठवावा ही विनंती.

अक्षरं पातळ होती. कुणीतरी वाचला होता. आणि त्याच्या खाली उत्तराचा एक मसुदा अडकला होता, कधीच न पाठवलेला. त्यात शब्द एकही नव्हता. नुसती एक छोटी तिरकी रेघ आणि दोन टिंबं.

३

तो मेल पातळ अक्षरांत होता, याचाच मला धीर आला. समितीच्या लेखी वाचलेला मेल म्हणजे बटणनं वाचलेला मेल. पण बटणच्या रीतीत, वाचून उत्तर न दिलेला मेल पातळ राहूच शकत नव्हता. तिनं वाचला असता तर तो इनबॉक्समध्ये ठळक होऊन टोचत बसला असता. शिवाय पोचेचं होतं. मेल उघडताना पोच पाठवू का असं विचारलं जातं, तेव्हा बटण नेहमी 'नको' दाबते. पोच दिली की गिऱ्हाईक मागे लागतं, असं तिचं म्हणणं. म्हणजे हात दुसऱ्या कुणाचा तरी होता.

पासवर्ड कुणाकुणाकडे आहे, हे मी विचारलं. तिनं तीन माणसं सांगितली. तिचा नवरा, आधीची मदतनीस, आणि मोठे मिस्त्री.

आधीच्या मदतनीस मुलीला मी फोन केला. ती भांडून गेली होती आणि तिच्या जाण्यानंतर पासवर्ड बदललाच नव्हता. भांडण कशावरून, ते तिनं स्वतःच सांगितलं. ती मेल वाचलेले करायची आणि मॅडम न वाचलेले करायच्या, दिवसभर दोघींचा तोच खेळ. शेवटी एक दिवस तिनं खुर्ची मागे सारली ती सारलीच. तिची रीत रंगांची होती. तातडीचं लाल, बिलं हिरवी, बाकी पिवळं. तिच्या काळातला सगळा इनबॉक्स खरंच रंगपेटीसारखा दिसत होता, आणि ती गेल्यानंतर एकही रंग नव्हता. "मावशी, लिफ्टची तक्रार उघडली असती तर लाल लावल्याशिवाय माझा हात थांबलाच नसता," ती म्हणाली. मला ते पटलं. माणूस राग सोडतो, सवय सोडत नाही.

मोठे मिस्त्री स्वतःच माझ्या घरी आले. त्या लिफ्टची शेवटची तपासणी त्यांनी केली होती, दोर ठीक आहे म्हणून सही केली होती. तक्रार दडपावी असं वाटायला त्यांच्याकडे कारण होतं, आणि ते त्यांनाही माहीत होतं. खुर्चीच्या अगदी कडेला बसले. हात गुडघ्यांवर, नखांत तेच काळं. दोर तेव्हा खरंच ठीक होता, असं त्यांनी एकदाच सांगितलं, पटवायचा प्रयत्न केला नाही. मग फोन काढून माझ्यापुढे ठेवला. मी मेलच्या चिन्हाला हात लावला तर फोन अजून स्वागत करत होता, आपलं खातं जोडा म्हणत होता. मेल त्यावर कधी उघडलाच गेला नव्हता.

"मी पत्रं कधी वाचली, ताई?" ते म्हणाले. "तुम्ही सांगायचात, मी जायचो. तुम्ही गेल्यावर जो फोन करेल त्याच्याकडे जायला लागलो."

रखवालदाराला मी विचारलं की फोन का नाही केला. तो म्हणाला, केला की, सारखा एंगेज. ती शिवणकामवाली त्याच्या गणवेशाच्या बाह्या लहान करून द्यायची, हातशिलाईचे पैसे घ्यायची नाही. हे त्यानं न विचारता सांगितलं.

राहिला बटणचा नवरा. वर्कशॉपमध्ये सगळे त्याला जावईच म्हणत. त्याची रीत वेगळी. जे उघडेल ते स्वतःच्या मेलवर पुढे पाठवायचा, त्यामुळे त्यानं पाहिलेल्या प्रत्येक मेलला एक बाण असायचा. या मेलला बाण नव्हता.

मग मी अर्काइव्हमध्ये आणखी मागे गेले. तिथे अशा कितीतरी तक्रारी होत्या. सगळ्या वाचलेल्या, पोच दिलेल्या, नीट आत ठेवलेल्या, आणि उत्तर एकीलाही नाही. जाहिरातींना, बिलांना त्या हातानं स्पर्श केला नव्हता. आणि प्रत्येक पोच गेल्याची वेळ सकाळची, ऑफिस उघडायच्या आधीची.

बटण ठळक करते, जावई बाण सोडतो, मदतनीस रंगवते, मिस्त्री उघडतच नाहीत. त्या पलीकडे आणखी कुणीतरी होतं. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी यायचं, काम नेटकं करायचं, आणि न बोलता निघून जायचं.

४

मी बटणच्या घरी गेले. जावयाशी समोरासमोर बोलावं असं वाटत होतं. फोनवर माणूस निम्माच कळतो.

साहेब खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते. मी त्यांना बऱ्याच वर्षांनी बघत होते. अंगातला शर्ट तसाच, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, पण आतला माणूस आक्रसलेला. त्यांना हल्ली काळाचा मेळ लागत नाही, हे बटणनं मला आधीच सांगून ठेवलं होतं. मांडीवर टॅब्लेट, शेजारी घडी घातलेले पेपर. मला बघून त्यांना काही आश्चर्य वाटलं नाही.

"बाई," ते म्हणाले, "आज उ... उशीर."

"हो, साहेब. झाला खरा."

"मा... माणूस गेला का?"

"गेला, साहेब."

अशा माणसांना आपण हो म्हणतो, तसं मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. ते बघून मला बरंही वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही. मी जेवणाच्या टेबलाकडे गेले.

जावई हाताची घडी घालून बसला होता. मी काही विचारायच्या आतच त्यानं सुरुवात केली. मला कंपनी विकायची आहे हे खरं, एका मोठ्या कंपनीशी बोलणं चाललं होतं हेही खरं, आणि ते बटणला आवडत नव्हतं हेही मावशींना कुणीतरी सांगितलं असेलच. "पण मावशी, लिफ्ट पाडलेली कंपनी विकत कोण घेणार? बोलणं त्याच दिवशी मोडलं. माझं कारस्थान असतं तर याहून जरा बऱ्या डोक्याचं असतं." हे बोलताना तो हसला, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. त्या मसुद्याबद्दल विचारलं तर म्हणाला, कुणाचं तरी बोट पडलं असेल, अशा रेघा-टिंबांचे मसुदे पुष्कळ पडलेत, मी एकदा साफ करणार होतो, राहून गेलं.

बटणनं चहा आणून ठेवला. तिच्या कपातला तिनं प्यायला नाही, नुसता हात शेकत धरून बसली. मी सहज विचारलं, साहेब टॅब्लेटवर काय करतात.

"पत्त्यांचा डाव लावतात," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "आणि ऑफिसचा मेल उघडा असतो त्यावर. कागद बंद झाले ना, तेव्हा बाबा सकाळी उठून रिकाम्या टेबलावर हात फिरवत बसायचे. बघवायचं नाही. म्हणून मीच लावून दिला. नुसते बघतात, मावशी. लिहीत काहीच नाहीत."

जावई म्हणाला, त्यांना तर मोजायलाच विसरलो.

मी उठून खिडकीशी गेले. साहेबांचा डोळा लागला होता. खुर्चीजवळचा सगळ्यात वरचा पेपर मी उचलला. त्यांनी पेनानं त्यावर काम केलं होतं. पावसाळी गटारांच्या बातमीवर, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, निळ्या शाईची लांबलचक तिरकी रेघ. शाळेच्या बक्षीस समारंभावर तशीच. रस्त्यावरच्या खड्ड्याच्या बातमीवर रेघ आणि तिच्याखाली एक ठसठशीत टिंब.

ढिगातून मी तो जुना पेपर काढला. लिफ्टच्या बातमीवर रेघ होती. खाली दोन टिंबं.

माझे हात त्या खुणांना ओळखत होते, डोक्याच्या आधी. मी वळून बटणला म्हटलं, "मोठ्या मिस्त्रींना फोन लाव. त्यांनीही ऐकायला हवं."

५

मिस्त्रींना स्पीकरवर घेतलं. मग मी सांगायला लागले, जमेल तितकं क्रमानं.

साहेब कागदावर खुणा करायचे त्या तीनच. नुसती रेघ म्हणजे पाहिलं, काही करायचं नाही, फायलीला लावा. रेघ आणि खाली एक टिंब म्हणजे या आठवड्यात माणूस जाऊ दे. रेघ आणि दोन टिंबं म्हणजे आजच्या आज, हातातलं काम टाकून. दोन टिंबं दिसली की मी पर्सही खाली न ठेवता जिन्यावरून खाली ओरडायचे. फोनमधून मिस्त्रींचा आवाज आला, "दोन टिंबं म्हणजे जेवणाचा डबा तसाच राहिला." आम्ही तेव्हा हसायचो त्यावर.

पडद्यावर ती रेघ नखाएवढी झाली होती, टिंबं तिच्या शेजारी चिकटून बसली होती. कागदावर ती हातभर असायची. म्हणून मला बघताक्षणी ओळखता आली नाही.

पुढचं सरळ होतं. साहेब अजूनही सगळ्यांच्या आधी उठून टपाल वाचत होते. जाहिराती, बिलं त्यांनी कधीच वाचली नाहीत, ती माझ्याकडे असायची. ते फक्त तक्रारी वाचायचे. पत्र आलं की पोच गेलीच पाहिजे, हा त्यांचा नियम, म्हणून टॅब्लेटनं विचारलं की ते 'होय' दाबत होते. मग उत्तराच्या जागी खूण करत होते. मग कागद उजव्या ट्रेमध्ये टाकत होते, आणि त्या टॅब्लेटवर उजवा ट्रे म्हणजे अर्काइव्ह. बोट उजवीकडे सरकवलं की मेल तिथे जातो. रखवालदाराचा मेल त्यांनी वाचला होता. तो किती गंभीर आहे ते त्यांना तेव्हाच कळलं होतं. त्यांनी दोन टिंबं दिली होती.

बटणनं हातातला कप खाली ठेवला.

"म्हणजे बाबांनी माणूस पाठवला होता," बटण म्हणाली.

"पाठवला होता. माझ्याकडे दिला होता कागद. मी तिथे नव्हते, हे त्यांना माहीत नव्हतं."

जावयानं सुस्कारा टाकला. मग तो हळू आवाजात म्हणाला की आता चिंता मिटली. समितीला एवढंच सांगायचं की मेल म्हाताऱ्या माणसानं उघडला. त्यांच्या वयाकडे आणि तब्येतीकडे बघून कुणी त्यांना बोलावणारसुद्धा नाही. परवाना राहील, खटला होणार नाही.

बटण त्याच्याकडे बघत होती, रागानं नाही. एखादा लांबचा फलक वाचावा तशी.

"आणि पेपरात येईल," ती म्हणाली, "की वेडा बाप मेल उघडत बसला आणि बाई मेली."

"मग काय येऊ दे? तुझं नाव?"

मला ते दोघांमधलंच वाटलं, म्हणून मी नजर काढून घेतली आणि समोर लॅपटॉपवर उघड्या असलेल्या मसुद्यांच्या यादीकडे बघू लागले. जावयाच्या आळसामुळे शिल्लक राहिलेले ते मसुदे. रेघ. रेघ आणि एक टिंब. रेघ. आणि मग मला दिसलं, जे खरं तर सगळ्यात आधी दिसायला हवं होतं.

दोन टिंबांचा तो मसुदा एकटाच नव्हता. आणि बाकीच्या लिफ्ट अजून चालू होत्या.

६

त्या टेबलावर बसूनच मी काम सुरू केलं. एकेक मसुदा उघडायचा, त्याच्यावरची तक्रार वाचायची, इमारतीचा पत्ता मोठ्यानं सांगायचा. बटण दुसऱ्या फोनवरून त्या इमारतीला कळवत होती की लिफ्ट बंद करा, माणूस येतो आहे. जावई गाडीची किल्ली घेऊन उठला, कुणाला कुठे सोडायचं ते मिस्त्रींना विचारू लागला. मिस्त्री पलीकडून नुसतं "हो ताई" म्हणत होते, आणि मधेच जिन्यावरून पोरांना हाका मारत होते. तो आवाज मी किती वर्षांनी ऐकला. कुणाला रडायला किंवा बोलायला फुरसत नव्हती, ते एक बरं झालं.

काही ठिकाणी काहीच निघालं नाही, दाराची पट्टी सैल, दिवा गेलेला. संध्याकाळी मिस्त्रींचा फोन आला. वृद्धांच्या वसतिगृहातल्या लिफ्टचा दोर ते हातात धरून उभे होते. पीळ उसवले होते, त्यांनी सांगितलं, वेणी सुटावी तसे. पुढे म्हणाले, "साहेबांनी न बघता ओळखलं. लिहिणाऱ्यानं नुसतं लिहिलं होतं की वास येतो."

समितीपुढे बटणबरोबर मी गेले. लांब टेबल, पाण्याचे ग्लास, शिवणकामवाल्या बाईचा नवरा भिंतीशी. त्याच्या अंगातल्या सदऱ्याच्या कॉलरची शिलाई फार सुबक होती. मी तिच्याकडेच बघत राहिले. बटणनं वडिलांना झाकलं नाही आणि पुढेही केलं नाही. तिनं मेल दाखवला, मसुदा दाखवला, ती खूण म्हणजे काय ते मला सांगायला लावलं. मग ती तिच्या त्या सपाट आवाजात म्हणाली,

"मेल वाचला गेला. आजच माणूस पाठवा असा हुकूमही झाला. तो हुकूम उचलायला जो माणूस लागतो, ती जागा मी रिकामी ठेवली. वडिलांना बरं वाटावं म्हणून मी त्यांच्यापुढे टपाल ठेवलं, आणि ते खरंच काम करताहेत हे मी कधी बघितलं नाही. ही चूक माझी आहे, त्यांची नाही."

भिंतीशी बसलेल्या माणसानं एकदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि परत खाली घातली.

समितीनं जाणूनबुजून दुर्लक्षाचा ठपका काढून टाकला, निष्काळजीपणाचा ठेवला. परवाना राहिला, कडक अटींवर. त्यातली एक अट अशी की तक्रारींचं टपाल रोज एका नेमलेल्या माणसानं पाहायचं. ती जागा मी घेतली. गेलेली बाई काही परत आली नाही. रखवालदार अजून त्या बाह्यांचे सदरे घालतो.

तेव्हापासून मी दर सकाळी बटणच्या घरी जाते. टॅब्लेट साहेबांकडेच ठेवला आहे. ते खूण करतात, मी त्यांच्याकडून तो उचलते आणि खिडकीशी उभी राहूनच मिस्त्रींना फोन लावते. त्यांच्या खुणा अजून चुकलेल्या मला आढळल्या नाहीत.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "मा... माणूस गेला का?"

"गेला, साहेब."

"स... सगळीकडे?"

मी हो म्हणू शकले असते. आधी म्हटलंच होतं. त्यांच्या समोरची खुर्ची ओढून मी बसले.

"एका ठिकाणी उशीर झाला, साहेब. तिथे एक बाई गेली."

ते माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलले, शब्द अडला, पुन्हा हलले. मग त्यांनी प्रयत्न सोडला. शेजारचा पेपर मांडीवर घेतला, पेनाचं टोपण काढलं, आणि कोऱ्या समासात, सावकाश, वरपासून खालपर्यंत एक तिरकी रेघ ओढली.

पेन तिच्याखाली बराच वेळ, कागदाला न टेकता, थांबून राहिलं. टिंब त्यांनी दिलं नाही. टोपण लावून पेपर माझ्या हातात दिला, फायलीला लावायला.